परराष्ट्रमंत्र्यांचं निरंक उत्तर

१

सोमवारी सकाळी साडेदहाला गुरप्पा हत्तुरे यांनी सात रस्त्यावरच्या खासदार कार्यालयातलं लोखंडी कपाट उघडलं आणि चौथ्या कप्प्यात हात घातला. हात रिकामाच बाहेर आला. त्यांनी चष्मा चढवला, कप्पा मोकळा केला, मग अख्खं कपाट फरशीवर मांडलं. रेल्वे थांब्याच्या फायली होत्या, पाण्याच्या टाकीच्या होत्या, एका गावच्या स्मशानभूमीच्या तर तीन होत्या. नव्हती ती फक्त चन्नम्माची हिरवी फाईल.

बावीस वर्षं गुरप्पा खासदार आबासाहेबांचे स्वीय सहायक होते. "आमच्या हापिसात माणूस हरवंल, कागद हरवायचा न्हाय," असं ते येईल त्याला ऐकवत. त्यांच्या या बढाईला आजवर कुणी हरकत घेतली नव्हती, कारण ती खरी होती.

चन्नम्माचा नवरा बसलिंगप्पा हा जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा कारागीर. अकरा महिन्यांपूर्वी तो आखातातल्या एका टॉवेल कारखान्यात गेला. चार महिन्यांत कारखान्याला टाळं लागलं आणि मालकानं पासपोर्ट दाबून ठेवला. आता गडी तिथं ना कामावर ना घरी, असा अडकून पडला होता. गुरप्पांनी सहा महिन्यांपूर्वी चन्नम्माच्या नावानं परराष्ट्र मंत्रालयाला रजिस्टर अर्ज पाठवला. पोच आली, ती हिरव्या फायलीत लागली. उत्तर मात्र आलं नाही. शेवटी आबासाहेबांनी लोकसभेत लेखी प्रश्न टाकला. मसुदा अर्थातच गुरप्पांचा होता. गेल्या सहा महिन्यांत सोलापूर जिल्ह्यातल्या परदेशी अडकलेल्या किती कामगारांच्या तक्रारी मिळाल्या, आणि त्यावर काय केलं?

परवाच्या शुक्रवारी परराष्ट्रमंत्र्यांचं उत्तर पटलावर आलं. पहिल्या भागाला 'निरंक'. दुसऱ्या भागाला 'प्रश्न उद्भवत नाही'.

आबासाहेबांचा शनिवारी दिल्लीहून फोन आला तेव्हा रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरावा लागला होता. "गुरप्पा, मंत्री सभागृहात धडधडीत खोटं बोललाय! येत्या शुक्रवारी त्याच्या खात्याची परत पाळी हाय. दोन नंबरचा प्रश्न परदेशातल्या कामगारांवरच हाय, मी उपप्रश्नाला उभा ऱ्हाणार. सोमवारी सगळी फाईल पाठव. ती पोच सभागृहात फडकवतो आन् त्याला सोलूनच काढतो!"

फाईल नाही तर पोच नाही. पोच नाही तर आबासाहेब शुक्रवारी काय फडकवणार, धोतराचा सोगा? गुरप्पा घामाघूम होऊन खुर्चीत बसले. त्यांना स्वतःच्या नाकाची काळजी होतीच, पण त्याहून जास्त आठवत होतं ते चन्नम्माला दिलेलं वचन. "तुझा मालक आणून दावतो," असं ते सिद्धेश्वराची शपथ घेऊन बोलून बसले होते.

त्यांनी भीतभीत दिल्लीला फोन लावला.

"केसरबाईंना बोलाव," आबासाहेब म्हणाले, "आन् त्या येईस्तोवर कुणाला हापिसातनं भाईर सोडू नको."

२

केसरबाई तळभंडारे या संसदेत मराठी दुभाषी होत्या. सभागृहाच्या कडेला काचेच्या खोलीत बसायचं, कानाला यंत्र लावायचं आणि मंत्री-खासदार बोलतील ते त्याच क्षणी दुसऱ्या भाषेत सांगायचं, हे काम त्यांनी तीस वर्षं केलं. निवृत्त होऊन सोलापुरात परतल्या, त्याला चार वर्षं झाली. बाई ठेंगण्या, केस पांढरे, साडी कडक इस्त्रीची. कुणी बोलायला लागलं की त्या मान किंचित तिरकी करून ऐकत, आणि समोरच्याला वाटे, आपण उगाच दोन शब्द जास्त बोललो.

गुरप्पा त्यांना जरा टरकूनच असत. प्रश्नाचे मसुदे आपल्याला दाखवत जा, असं बाईंनी पूर्वी सुचवलं होतं. गुरप्पांनी ते या कानानं ऐकून त्या कानानं सोडलं होतं.

"फाईल शेवटी कुणी पाहिली?" खुर्चीत टेकायच्या आधीच केसरबाईंनी विचारलं.

"मी पाहिली, मॅडम," संगणकावर बसणारी अंकिता म्हणाली. "शुक्रवारी उत्तर आलं ना, त्याची प्रिंट काढून मीच त्या फायलीत लावली. साडेपाच वाजले होते. शनिवारी मी सुट्टीवर होते."

"पोच पोस्टाकडून परत काढता येईल का?"

"नंबर पावतीवर, अन् पावती फायलीत," अंकिता म्हणाली.

गुरप्पांनी अंकिताकडं संशयानं पाहिलं. पोरीला पुण्यात नोकरी लागली होती, पुढच्या महिन्यात ती जाणार होती. जाणाऱ्या माणसाला काय सोयरसुतक? पण त्यांचा खरा राग दुसऱ्यावरच होता. "मॅडम, ह्यो त्या चनबसप्पाचा उद्योग. नवी पेठेतला एजंट. त्यानंच बसलिंगप्पाला तिकडं धाडलं, परवाना-बिरवाना काय न्हाय. तक्रार मिटावी म्हणून गुरुवारी हितं येऊन माझ्या पाया पडला."

"गुरुवारी?"

"व्हय."

"आणि शुक्रवारी संध्याकाळी फाईल जागेवर होती." केसरबाईंनी वहीत काहीतरी टिपलं. "शनिवारी कोण कोण आलं?"

"शनिवारी दोनच तास हापिस. मी होतो. आन् चन्नम्मा आली होती, शेंगा चटणी घिऊन. तिच्यासमोरच साहेबांचा फोन आला, तो मी आत जाऊन घेतला. बाकी चिटपाखरू न्हाय."

"म्हणजे तुम्ही आणि चन्नम्मा."

"म्हंजी मीच की!" गुरप्पांचा आवाज चिरकला. "स्वतःची फाईल स्वतः कोण चोरतंय?"

केसरबाईंनी वही मिटली. "काळजी करू नका. पण एवढं लक्षात घ्या, सभागृहात मंत्र्याला खोटं म्हणायचं तर हातात कागद लागतो. नसला की ते शब्द कामकाजातून काढून टाकतात आणि म्हणणारा तोंडावर पडतो. मग पुढं चन्नम्माचं नाव काढलं तर लोक हसतील. चारच दिवस आहेत. मला त्या बाईंना भेटायचंय."

३

चन्नम्मा दुपारी आली. ती एमआयडीसीत टॉवेलच्या काठांना शिलाई मारायचं काम करी. जेवणाची सुट्टी टाकून आली होती, पदराला सूत चिकटलेलं होतं. चाळिशीच्या आतली बाई, पण अकरा महिन्यांत डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"फाईल सापडंना गं," गुरप्पा म्हणाले, आणि ती आता ऊर बडवून घेणार म्हणून त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं सरकवला.

"सापडंल की, अण्णा," चन्नम्मा म्हणाली, आणि फरशीकडं बघत राहिली.

केसरबाईंनी मान तिरकी केली. "मालकांचा फोन येतो का?"

"येतो की, अक्का. आठवड्याला येकदा. एका खोलीत बाराजण हाएत म्हणं. कुणी गुरुद्वारातलं जेवाण आणून देतंय." तिचा चेहरा थोडा उजळला. "मागं वकिलातीतल्या सायबाचा फोन आलता त्येंला. लई चांगला माणूस. कन्नडात बोलला बगा, आपल्या घरच्यावानी. जेवला का, अंगावर औषध हाय का, समदं इचारलं."

"कधी?"

"झालं की अडीच-तीन म्हैनं. घरला पत्र धाडलंय म्हणला, सही करून पाठवा म्हणला. मी रोज पोस्टमनला इचारती. आलंच न्हाय पत्र."

"बघा!" गुरप्पांनी टेबलावर हात आपटला. "पत्र बी गायब! कुणीतरी वाटंतच कागद खातंय."

केसरबाईंनी मात्र एवढंच विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"मी अक्कलकोटकडची. घरी कन्नडच बोलताव आमी."

"आणि मालक?"

चन्नम्मानं पदराचं सूत काढायला घेतलं. "त्येंचं काय... त्येबी तिकडचंच," ती म्हणाली आणि सुट्टी संपायच्या आत परत जायला हवं म्हणून उठली.

दारापर्यंत पोचलेली ती एकदम मागं वळली. "अक्का, मंत्री त्या फायलीबिगर काईच करणार न्हाईत का हो?" हे विचारून ती उंबऱ्यात अशी घुटमळली, की गुरप्पांना वाटलं, बाई आत्ताच्या आत्ता काहीतरी सांगून टाकणार. पण ती निघून गेली.

४

नवी पेठेत कपड्याच्या दुकानावरच्या माडीवर चनबसप्पाचं ऑफिस होतं. भिंतीवर विमानाचं कॅलेंडर आणि टेबलावर गोड बडीशेप.

"बसा की, मॅडम. गुरप्पा, तुमीबी बसा, असं रागानं काय बघता? मी कागद कशाला चोरू? तुमच्या हापिसात सीसीटीव्ही हाय म्हणून घाबरतो मी."

"तो बंद हाय," गुरप्पा बोलून गेले आणि जीभ चावली.

चनबसप्पा खो-खो हसला. "बघा, हे मला ठाऊक बी न्हवतं. मॅडम, खरं सांगू? मी त्या बाईला समजावलं. म्हणलं, बाई, हे मंत्री, खासदार, दिल्ली, ह्येच्या नादी लागू नको. मी गडी आणतो, वर्ष-दीड वर्ष दम धर. आन् आबासाहेब तरी किती दिवस पळणार? आपल्या मतदारासाठी कुणीबी पळतंय. दुसऱ्याच्या मतदारासाठी कोण पळतंय?"

गुरप्पा ताडकन उठले. "चन्नम्माचं मत सोलापुरात हाय! दर निवडणुकीला माझ्या डोळ्यांदेखत देती ती!"

"तिचं हाय की," चनबसप्पा म्हणाला आणि बडीशेपेची वाटी पुढं केली.

केसरबाईंनी चिमूटभर घेतली, आभार मानले आणि जिना उतरल्या. गुरप्पा मागून धुसफुसत आले. रस्त्यावर गर्दी अशी, की रिक्षा मिळेपर्यंत तीन दुकानदारांनी त्यांना साड्या बघायला बोलावलं.

"ह्यालाच आत टाकायला पायजे," रिक्षात बसल्यावर गुरप्पा म्हणाले.

"टाकू. पण फाईल त्यानं नेलेली नाही. आणि आबासाहेबांना फोन लावा, त्यांना शुक्रवारचं भाषण फाडून टाकायला सांगा."

"का?"

"कारण परराष्ट्रमंत्री खोटं बोललेले नाहीत," केसरबाई म्हणाल्या. "त्यांचं निरंक हे उत्तर अगदी खरं आहे."

५

कार्यालयात परतल्यावर केसरबाईंनी अंकिताला दार लोटायला सांगितलं आणि चन्नम्माला निरोप धाडला. ती येईपर्यंत गुरप्पांनी तीन कप चहा संपवला. ती आली तेव्हा तिच्या हातात पिशवी होती आणि ती तिनं छातीशी धरली होती.

"गुरप्पा," केसरबाईंनी सुरुवात केली, "तक्रार मंत्रालयात पोचलीच नसती, तर वकिलातीतला अधिकारी बसलिंगप्पाला फोन कशाला करेल? त्याला त्याचं नाव, नंबर कुठून मिळाला? म्हणजे अर्ज पोचला, वाचला गेला आणि त्यावर काम सुरू झालं."

"मग निरंक कसं?"

"तेच बघायचं. सोलापूरच्या माणसाला फोन करायचा तर अधिकारी हिंदीत बोलेल, मराठी माणूस शोधेल. यानं मुद्दाम कन्नड बोलणारा माणूस फोनवर बसवला. का? त्याच्या समोरच्या कागदावर कर्नाटकातला पत्ता होता म्हणून. चनबसप्पाही तेच सुचवत होता. बायकोचं मत सोलापुरात आहे, नवऱ्याचं नाही." त्या गुरप्पांकडं वळल्या. "अर्जाला पासपोर्टची झेरॉक्स जोडली होती ना? त्यावर काय पाहिलंत?"

"काय बघायचं असतंय? नंबर आन् तोंड."

"मागचं पान?"

गुरप्पांनी कपाळावर हात मारला. दोन पानं टाचलेली होती. दुसरं पान त्यांनी उलटलं नव्हतं. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

"पत्ता मागच्या पानावर असतो," केसरबाई म्हणाल्या. "तुम्ही प्रश्न विचारला सोलापूर जिल्ह्याचा. मंत्रालयानं पासपोर्टांचे पत्ते मोजले. सोलापूरचा एकही निघाला नाही. मंत्री सभागृहाला फक्त विचारलेल्याचं उत्तर देतो, गुरप्पा. एक शब्द जास्तीचा बोलला आणि तो चुकला, तर त्याला पुन्हा उभं राहून सभागृहासमोर दुरुस्ती करावी लागते. मी असे भलेभले मंत्री पाहिलेत. त्यामुळं प्रश्न जेवढा, उत्तर तेवढंच. चूक उत्तरात नव्हती, मसुद्यात होती."

गुरप्पांचा चेहरा असा पडला, की अंकितानं त्यांच्याकडं बघायचं टाळलं. "आन् फाईल?" त्यांनी हळूच विचारलं.

"शुक्रवारी संध्याकाळी ती जागेवर होती. शनिवारी इथं तुम्ही दोघंच होतात. तुम्ही आत साहेबांशी बोलत होता, आणि तुमचे साहेब फोनवर कसे बोलतात ते सात रस्त्यावर ऐकू येतं. सगळी फाईल पाठव, हे बाहेरही ऐकू आलं. आज फाईल हरवली म्हटल्यावर एकच माणूस घाबरला नाही. कारण ती कुठं आहे, हे त्या माणसाला माहीत होतं."

चन्नम्मानं पिशवीतून हिरवी फाईल काढली आणि टेबलावर ठेवली. मग तिला रडू आवरेना.

"अण्णा, माफ करा. त्येंची आई लवकर गेली, मामानं शाळंला कर्नाटकात आळंदकडं नेलं, समदी कागदं तिकडंच झाली. लगीन झाल्यावर हितं आलो, पंधरा वर्सं झाली. बदलू बदलू म्हणत ऱ्हायलं. चनबसप्पा म्हणला, आबासाहेबानं मागचं पान बघितलं की फाईल फेकून देतील, तुजा नवरा त्येंचा न्हाईच. आन् तिकडचे म्हणतील, सोलापुरात ऱ्हाती तर हितं कशाला आली. मग आमी कुणाचंच न्हाई. साहेबांनी सगळी फाईल मागितलेली ऐकली आन् माजा हात गेला."

गुरप्पांना तिचा राग यायला हवा होता. पण त्यांना स्वतःचाच इतका आला होता, की तिच्यासाठी शिल्लकच राहिला नाही. त्यांनी तांब्या पुढं केला, आणि या वेळी ती पाणी प्यायली.

"आता सांगा," केसरबाईंनी विचारलं, "वकिलातीनं घरला पत्र धाडलं. कागदोपत्री यांचं घर कुठलं?"

चन्नम्मा रडता रडता थांबली. "मामाच्यात!"

फोन लावला. म्हाताऱ्या मामाला ऐकू कमी. चन्नम्मा कन्नडात ओरडली, तोही कन्नडात ओरडला. "आलंय म्हणत्यात!" ती गुरप्पांना सांगू लागली. "दोन म्हैनं झालं. इंग्रजीत हाय, सरकारी शिक्का हाय, म्हणून देवाजवळ ठिवलंय. रोज कुंकू लावत्यात म्हणं!"

अंकिताला हसू आवरलं नाही. संध्याकाळी मामाच्या शेजारच्या मास्तरानं पत्राचा फोटो पाठवला. कुंकवाच्या बोटांमधून मजकूर वाचता येत होता. तिथल्या कामगार न्यायालयात बसलिंगप्पाच्या वतीनं उभं राहायला वकिलातीला पत्नीची सही हवी होती. सोबत कोरा फॉर्म होता, आणि शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की तीन महिन्यांत सही न मिळाल्यास प्रकरण बंद करण्यात येईल.

केसरबाईंनी तारीख पाहिली आणि बोटांवर दिवस मोजले. मुदत संपायला सहा दिवस उरले होते.

६

अंकितानं फॉर्मची प्रिंट काढली, चन्नम्माची सही त्याच संध्याकाळी वकिलातीला ईमेलनं गेली आणि मूळ कागद दुसऱ्या सकाळी कुरिअरनं. अवघड काम पुढंच होतं. ते म्हणजे आबासाहेबांना गप्प करणं.

"म्हंजी मी उभं राहून म्हणू, की प्रश्न माझाच चुकला?" आबासाहेब फोनवर गरजले. "लोक काय म्हणतील?"

"तुम्ही पोच फडकवाल तर मंत्री पासपोर्टाचं मागचं पान फडकवतील," केसरबाई शांतपणे म्हणाल्या. "आणि चूक कबूल करून विचाराल तर त्यांना पळायला वाट राहणार नाही. आबासाहेब, उपप्रश्नाला दीड मिनिट मिळतं. रागात घालवायचं की बसलिंगप्पासाठी, ते तुम्ही ठरवा."

"लिहून पाठवा," शेवटी आबासाहेब म्हणाले.

हा मसुदा गुरप्पांनी लिहिला आणि केसरबाईंना दाखवला. बाईंनी तीन शब्द खोडले. गुरप्पांनी हूं की चूं केलं नाही.

शुक्रवारी कार्यालयात सगळे टीव्हीसमोर बसले. आबासाहेब उभे राहिले. मागच्या प्रश्नात आपण जिल्ह्याची अट घालून चूक केली, हे त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं. सभागृहात हशा झाला आणि गुरप्पा खुर्चीत एक वीत खाली गेले. मग त्यांनी तक्रारीचा क्रमांक वाचला. पासपोर्ट एका राज्याचा आणि चूल दुसऱ्या राज्यात असलेल्या या कामगाराची सुटका कधी होणार, आणि अशा माणसांना सरकार कुठं मोजणार?

"हा परराष्ट्राचा प्रश्न आहे की राज्यांच्या सीमेचा?" मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं.

परराष्ट्रमंत्री उठले. उंच, सावकाश बोलणारे गृहस्थ. "अध्यक्ष महोदय, कामगार तिकडं आहे आणि त्याची पत्नी इकडं आहे. दोन्हींचं उत्तर मलाच द्यायचंय," ते म्हणाले. "मागचं उत्तर विचारलेल्या प्रश्नापुरतं बरोबर होतं. पण त्यामुळं त्या भगिनीला वाटलं असेल की तिची दखलच कुणी घेतली नाही. त्याबद्दल मला खेद आहे. तिची सही आम्हाला मिळाली आहे. महिनाभरात त्याला परत आणू, असं आश्वासन मी सभागृहाला देतो. आणि यापुढं अशा तक्रारी कुटुंबाच्या राहत्या पत्त्यानंही मोजल्या जातील."

चन्नम्माला मंत्र्यांचं हिंदी निम्मंच कळलं होतं. तिनं केसरबाईंचा हात धरला. "अक्का, मंत्री लोक असं बोलतच असत्यात की. खरं धरायचं का?"

"बाहेर बोलले असते तर मीही सोडून दिलं असतं," केसरबाई म्हणाल्या. "सभागृहात दिलेलं आश्वासन नोंदलं जातं. ते पुरं झालं का, हे विचारायला खासदारांची एक समितीच आहे. ती पुरं होईस्तोवर पिच्छा सोडत नाही. धरा खरं."

मंत्र्यांचा महिना तेविसाव्या दिवशीच पुरा झाला.

सकाळच्या गाडीनं बसलिंगप्पा मुंबईहून येणार होता. चन्नम्मा तासभर आधीच सोलापूर स्टेशनावर जाऊन उभी राहिली. गुरप्पा हार घेऊन आले होते, केसरबाई नुसत्याच आल्या होत्या. पोलिसांनी चनबसप्पाच्या माडीला कुलूप लावल्याची बातमी गुरप्पांनी खुशीत सांगितली, पण चन्नम्माचं तिकडं लक्ष नव्हतं.

गाडी थांबली. डब्यातून एक वाळलेला, दाढी वाढलेला माणूस उतरला. खांद्याला एकच पिशवी. आठ महिने ज्याच्या नावानं चन्नम्मा दारोदार बोलत हिंडली होती, तो समोर आला. ती नुसती त्याच्या शर्टाची बाही धरून उभी राहिली. गुरप्पांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, आणि ते पुसायला हार आडवा येत होता.

बसलिंगप्पानं बायकोकडं खालपासून वरपर्यंत पाहिलं. "किती वाळलीस गं," तो कन्नडात म्हणाला. "चल घरी. मी करतो भाकरी."